ब्रेकचा उलटा न्याय

चालकाविना धावणाऱ्या मोटारींची चर्चा आपल्याकडे निघते तेव्हा ती बहुधा चालवण्याभोवतीच फिरते. यंत्राला खड्डा दिसेल का, आडवी आलेली म्हैस ओळखता येईल का, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीला ते वाट देईल का, असे प्रश्न आधी येतात. थांबण्याचा प्रश्न मागाहून येतो, आणि तोही चालवण्याचाच एक भाग म्हणून. इतिहासातला क्रम मात्र उलटा आहे. गाडी थांबवण्याचे काम माणसाच्या एकट्या हातावर न ठेवण्याची खटपट, गाडी चालवण्याचे काम यंत्राकडे देण्याच्या निदान शंभर वर्षे आधी सुरू झाली. मुंबईहून पुणे, सोलापूर, वाडी करत मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्या खटपटीचे बहुतेक टप्पे एकामागून एक सापडतात. या सगळ्या टप्प्यांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: कोणीच काही केले नाही, तर गाडीचे काय होईल? ज्या ब्रेकचे उत्तर ‘थांबेल’ असे होते तो टिकला. ज्याचे उत्तर ‘चालत राहील’ असे होते त्याने माणसे मारली. चालकविरहित गाडीलाही आज हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारला जातो त्याहून जास्त कसून विचारायला हवा.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला होता. तिथून पठारावरून बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, आणि पुढे सोलापूर हे काम झपाट्याने झाले. पण ही गाडी मुंबईपर्यंत सलग जात नव्हती. खंडाळ्याला उतरायचे, बोरघाट पालखीतून, टांग्यातून नाहीतर बैलगाडीतून पार करायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसायचे, अशी तीन वर्षे गेली. घाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ रोजी खुली झाली. पंधरा मैलांहून थोडी अधिक वाट, तेवढ्यात १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ. या कामाची वर्णने वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कौतुक सगळे चढाचे आहे, आणि भीती सगळी उताराची. चढायला जोर लागतो आणि जोर विकत घेता येतो, पुढेमागे आणखी इंजिने जोडता येतात. उतरायला जोर लागतच नाही, लागतो तो ताबा. त्यात पठारावरचा माल जायचा बंदराकडे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला तो नेमका याच वर्षांत, आणि त्या कापसाच्या भरलेल्या गाड्या उताराच्या दिशेने धावत होत्या.

त्या काळी अख्ख्या गाडीला मिळून एक ब्रेक अशी गोष्टच नव्हती. इंजिनाला स्वतःचा ब्रेक असे, आणि गाडीत ठरावीक ठिकाणी ब्रेकव्हॅन जोडलेल्या असत. त्यात बसलेला गार्ड हाताने चाक फिरवून चाकांवर ठोकळे आवळायचा. कधी आवळायचे हे त्याला ड्रायव्हरच्या शिटीवरून कळे. म्हणजे ड्रायव्हरला धोका दिसला पाहिजे, त्याने शिटी वाजवली पाहिजे, ती मागे ऐकू गेली पाहिजे, गार्ड जागा पाहिजे आणि त्याच्या मनगटात बळ पाहिजे. साखळीतली एक कडी निसटली तरी गाडी आपली धावतच राहणार. मधले बहुतेक डबे तर नुसते ओझे होते. घाटासाठी खास बांधलेल्या इंजिनांना चाकांऐवजी थेट रुळांवर दाबला जाणारा ब्रेकही दिलेला होता, पण तोही माणसाने लावला तरच लागणार. खंडाळ्याखालच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी एका टोकाला जाऊन थांबे आणि उलट्या दिशेने पुढच्या वाटेला लागे. टोकाच्या पलीकडे दरी होती. १८६९ च्या जानेवारीत उतारावर ताबा सुटलेली एक गाडी तिथे थांबू शकली नाही.

घाटाने या धोक्यावर काढलेला उपाय मला आजही विलक्षण वाटतो. तो म्हणजे कॅच सायडिंग. उतारावर ठरावीक जागी मुख्य मार्गातून एक फाटा काढायचा, तो डोंगराच्या अंगाला चढत जाणारा ठेवायचा, आणि सांधा मुळातच त्या फाट्याकडे लावून ठेवायचा. खाली येणाऱ्या गाडीने त्याआधी पूर्ण थांबायचे. गाडी ताब्यात आहे हे दिसले, तरच सांधा फिरवून तिला मुख्य मार्गावर सोडायचे. जी थांबली नाही ती आपोआप फाट्यावर जाईल आणि चढावर दम सुटून थांबेल. कुणी म्हणेल, हा ब्रेक नव्हे, ही नुसती रुळांची मांडणी झाली. पण मांडणीच पाहा. इथे सांधा फिरवणाऱ्या पॉइंट्समनने काही केले नाही तर गाडी अडते. गाडी पुढे जायची असेल तर त्याने काही करावे लागते. अडवण्यासाठी नव्हे, सोडण्यासाठी माणूस लागतो. ब्रेकचा हा उलटा न्याय घाटात जमिनीवर आखला गेला. गाडीच्या पोटात तो शिरला तो वेगळ्या वाटेने.

ती वाट अमेरिकेतून आली. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. इंजिनातून नळीने हवा पाठवायची आणि प्रत्येक डब्याचे ठोकळे दाबायचे, अशी त्याची पहिली रचना होती. दिसायला उत्तम, पण नळी तुटली की ब्रेक गेला. तीनएक वर्षांत त्याने ती रचना अक्षरशः उलटी केली. आता नळीतला दाब ब्रेक लावत नव्हता, तो ब्रेक सोडून धरत होता. दाब कमी झाला, मग तो ड्रायव्हरने केलेला असो, नळी फुटल्याने असो की डबे सुटल्याने असो, प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली साठवलेली हवा ठोकळे आवळू लागे. ब्रिटनने मात्र हा न्याय कायद्यात आणायला १८८९ उजाडू दिले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची एक गाडी चढावर अडली. पुढचा भाग आधी वर नेऊ म्हणून तिचे दोन तुकडे केले गेले. तिचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. जोड सुटताच मागच्या डब्यांचा ब्रेकही सुटला. चाकांखाली दगड लावले होते, ते चिरडून डबे उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा झाला.

हिंदुस्थानातल्या रेल्वेंनी याच न्यायाचा दुसरा अवतार पसंत केला, तो म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक. त्यात नळीत हवा भरायची नसते, काढून घ्यायची असते. वाफेच्या इंजिनावरचा इजेक्टर हवा ओढून घेई, पाऱ्याच्या हिशेबात २१ इंचांपर्यंत पोकळी तयार होई आणि ब्रेक मोकळे होत. नळीत कुठूनही हवा शिरली की सिलिंडरमधला दट्ट्या वर सरके आणि ठोकळे बसत. स्वस्त, सोपा, दुरुस्तीला फारशी हत्यारे न लागणारा असा हा ब्रेक होता. त्याची मर्यादाही उघड होती. वातावरणाच्या दाबाहून जास्त जोर त्याला कधीच मिळणार नव्हता, आणि लांब मालगाडीच्या शेपटापर्यंत हवा पोचायला वेळ लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या गाड्या टप्प्याटप्प्याने हवेच्या ब्रेकवर आल्या त्या यामुळे. एक गुण मात्र व्हॅक्यूममध्ये होता. गाडीतला कोणताही प्रवासी साखळी ओढून नळीत हवा सोडू शकत होता. गाडी चालवण्याचा अधिकार एकाला, थांबवण्याचा सगळ्यांना, अशी ही वाटणी होती.

हा विचार रेल्वेचीच मिरासदारी होता असे समजायचे कारण नाही. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली, जी पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. गिरणीतल्या यंत्रमागाला हा न्याय आधीच ठाऊक होता. बाण्याचा धागा तुटला की माग स्वतः थांबवणारी काटेरी पट्टी इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नमध्ये १८४१ मध्येच बसवली गेली होती. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर टांगलेली पातळ पत्री, धागा तुटताच ती खाली पडणार आणि माग बंद, ही सुधारणा त्यानंतरची. तत्त्व अगदी तेच: धागा ताणलेला आहे तोवर चालायची परवानगी, धागा ढिला पडला की परवानगी रद्द. एका विणकराने एकाहून अधिक माग सांभाळावेत हे शक्य झाले त्यामागे थांबण्याची ही सोय आहे. विणण्याचा वेग कितीही वाढवला असता, तरी तुटलेल्या धाग्यावर चालत राहणाऱ्या मागाजवळ माणूस उभा करावाच लागला असता. माणसाला यंत्रापासून दूर जाता येते ते यंत्र चांगले चालते म्हणून नाही. बिघडल्यावर ते थांबते म्हणून.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. नळी तुटल्यावर ब्रेक लागतो हे खरे, पण रोजच्या धावण्यात नळी तुटत नाही. तिथे सिग्नल लाल असताना ब्रेक लावायचा तो ड्रायव्हरनेच. त्याला डुलकी लागली, त्याचे लक्ष गेले, तर वेस्टिंगहाउसची सारी करामत गप्प बसून राहील. आक्षेप बरोबर आहे. पण पुढची शंभर वर्षे रेल्वेने नेमके हेच भोक बुजवण्यात घालवली, आणि दर वेळी त्याच उलट्या न्यायाने. लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावे लागते, हात निसटला की गाडी थांबते. इंजिनातल्या व्हिजिलन्स यंत्राला लोको पायलटने साधारण मिनिटभर काहीच केले नाही असे दिसले, की आधी दिवा, मग भोंगा, आणि तरीही हालचाल नाही तर ब्रेक. इथे यंत्र ड्रायव्हरवर नजर ठेवत नाही, तो आहे याचा पुरावा मागत राहते. पुरावा आला नाही, तर तो नाही असे धरून चालते. आज ज्याचा गाजावाजा आहे ते ‘कवच’ नावाचे रेल्वेचे सुरक्षा-यंत्र याच घराण्यातले. रुळांमध्ये बसवलेल्या टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते, रेडिओवरून पुढचा सिग्नल कळतो, आणि या वेगाने गेल्यास थांबायला अंतर पुरणार नाही असे गणित निघाले की ड्रायव्हरला विचारत न बसता ब्रेक लागतो. याच्या सुरुवातीच्या चाचण्या ज्या मार्गांवर झाल्या त्यात लिंगमपल्ली–विकाराबाद–वाडी हा मार्ग होता. प्रवासी गाड्यांवर त्या २०१६ मध्ये सुरू झाल्या. वाडी जंक्शन कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी रेल्वेच्या हिशेबात ते सोलापूर विभागाचे दक्षिणेकडचे दार आहे.

आणि याच वाडीला ८ नोव्हेंबर २०१७ रोजी असे काही घडले, की वरच्या सगळ्या प्रगतीकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. चेन्नईहून मुंबईकडे जाणारी मेल वाडीला आली. तिथून सोलापूरकडच्या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून विजेचे इंजिन काढून डिझेल इंजिन लावायची पद्धत होती. तसे ते काढले गेले. चालक खाली उतरला, आणि रिकामे इंजिन आपणहून निघाले. नालवारच्या दिशेने, आत कोणी नाही. पुढच्या स्थानकांना खबर गेली, समोरच्या गाड्या थोपवल्या गेल्या, मार्ग मोकळा करण्यात आला. एका रेल्वे कर्मचाऱ्याने मोटारसायकलवरून पाठलाग केला. सुमारे तेरा किलोमीटरनंतर इंजिनाचा वेग मंदावला तेव्हा तो त्यावर चढला आणि त्याने ते थांबवले. कुणाला इजा झाली नाही, म्हणून बातमी आश्चर्याची झाली, चित्रपटातल्या पाठलागाशी तिची तुलना झाली आणि विसरली गेली. धाडसाचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण एका स्थानकातून निघणाऱ्या एका मार्गावर देशातली सर्वांत हुशार ब्रेक यंत्रणा तपासली जात असताना, त्याच स्थानकातून दुसऱ्या मार्गावर एक इंजिन माणसाविना निघून जाते आणि त्याला थांबवायला अखेर एक माणूसच पाठवावा लागतो, या योगायोगाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मला यात दिसते ते असे. रेल्वेने दीडशे वर्षे विचार केला तो धावत्या गाडीचा. चालक बेशुद्ध पडला, डबे सुटले, सिग्नल ओलांडला गेला, या सगळ्या शक्यतांना उलटा न्याय लावून झाला. उभ्या गाडीचा विचार मात्र नियमपुस्तकावर सोपवला गेला: हँडब्रेक आवळा, चाकाखाली लाकडी गुटके ठेवा, साखळी बांधा. हे सगळे पुन्हा ‘माणसाने केले तर’ या सदरात मोडते. शिवाय आपोआप लागणारा ब्रेकसुद्धा उभ्या गाडीत कायम टिकत नाही. ज्या साठवलेल्या हवेने, किंवा पोकळीने, तो लागलेला असतो तीच हळूहळू गळते, आणि इंजिन बंद असेल तर ती भरून काढणारे कोणी नसते. कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात ६ जुलै २०१३ रोजी हेच झाले. खनिज तेलाची गाडी रात्री उतारावर उभी करून ठेवली होती, हँडब्रेक पुरेसे लावलेले नव्हते, इंजिन बंद केले गेले, हवा गळाली आणि गाडी गावात घुसली. ४७ माणसे मेली. आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआहून खडी भरलेली एक मालगाडी चालकाविना निघाली. ती सत्तर किलोमीटरांहून अधिक धावून पंजाबात उच्ची बस्सीजवळ थांबली, ती रुळांवर लाकडाचे ठोकळे आणि वाळू टाकल्यावर. आर्माच्या दगडांना तोवर १३५ वर्षे होत आली होती.

रुळांचे नियम रस्त्याला लावू नका, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेल्वेत मागची गाडी सिग्नलने दूर ठेवलेली असते, त्यामुळे शंका आली की थांबणे तिथे परवडते. पुणे–सोलापूर महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरच्या मागून जाणारी मोटार भलत्याच शंकेने करकचून थांबली, तर मागचा ट्रक तिच्यावर चढेल. म्हणजे रस्त्यावर ‘थांबणे’ हे सुरक्षित उत्तर आहेच असे नाही. हे मान्य. पण फुकाच्या थांबण्याचा त्रास फक्त रस्त्यालाच होतो हे मान्य नाही. साखळी ओढणे हा आपल्याकडे नातेवाईक पोचेपर्यंत गाडी अडवण्याचा राजमार्ग होता, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी वर्षभराच्या कैदेपर्यंत शिक्षा ठेवावी लागली. तरीही रेल्वेने साखळ्या काढून टाकल्या नाहीत. फुकट थांबण्याची किंमत मोजायची, पण थांबण्याचा रस्ता बंद करायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. आता अमेरिकेतल्या टेम्पी शहरात १८ मार्च २०१८ रोजी काय झाले ते पाहा. उबरच्या स्वयंचलित चाचणी मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली, त्यात ती मरण पावली. चौकशीत निघाले, की मोटारीला ती पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. ती कोण आहे, वाहन की सायकल की आणखी काही, हे ठरवण्यात यंत्र घोळत राहिले. विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून धोका कळल्यावरही एक सेकंद थांबायचे असे त्याला शिकवलेले होते, आणि मोटारीच्या कारखान्याने दिलेला आपत्कालीन ब्रेक संगणक चालवत असताना बंद ठेवलेला होता. सगळी भिस्त आत बसलेल्या माणसावर होती, आणि ती व्यक्ती फोनकडे पाहत होती. शंका आली तर चालत राहा, हा इथला न्याय होता. गार्डला शिटी ऐकू गेली तर ब्रेक लागेल, या १८६० च्या व्यवस्थेहून तो मला फार पुढचा वाटत नाही.

रस्त्यासाठी उलटा न्याय वेगळ्या रूपात लिहावा लागेल, हे उघड आहे. करकचून थांबण्याऐवजी वेग उतरवत कडेला जाणे, मागच्याला आधी इशारा देणे, दोन स्वतंत्र ब्रेक ठेवणे आणि एकाचा बिघाड दुसऱ्याला कळवणे, असे त्याचे भाग असू शकतात. पण मुळाशी वाक्य तेच राहायला हवे: पुढे जाण्यासाठी पुरावा लागेल, थांबण्यासाठी लागणार नाही. आणि उभ्या वाहनाचा हिशेब पहिल्या दिवसापासून त्यात असायला हवा, कारण चालकविरहित गाडी उभी असताना तिच्याजवळ गुटका ठेवणारे कोणी असणार नाही. अवजड मोटारींनी हे आधीच केले आहे. त्यांच्या हवेच्या ब्रेकमध्ये उभे राहण्यासाठीचा ब्रेक मजबूत स्प्रिंगचा असतो, हवा त्याला मागे ओढून धरते, आणि हवा गळाली की स्प्रिंग चाक आवळते. रेल्वेच्या नव्या थ्री-फेज विद्युत इंजिनांतही उभे राहण्याचा ब्रेक असाच स्प्रिंगचा आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई–सोलापूर वंदे भारत बोरघाट मागून इंजिन न लावता चढते, याचीच वाहवा झाली. तिच्या पार्किंग ब्रेकविषयी क्वचितच कुणी लिहिले. इकडे मालगाडीचे डबे मात्र अजून हाताने फिरवायच्या चाकावर आणि लाकडी गुटक्यांवर उभे राहतात, आणि ते लावले की नाही हे पाहायला माणूस जावा लागतो.